तूर विकून नैरोबी: खेड्यातून पहिल्यांदा परदेशी निघणाऱ्यासाठी

यवतमाळ जिल्ह्यात बाभूळगावच्या अलीकडं आमचं गाव. तिथं माझं सेवा केंद्र आहे. सातबारा, पीकविमा, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्तीचे फॉर्म, दिवसभर हेच. अधूनमधून पासपोर्टचा फॉर्म येतो, बहुतेक आखातात कामाला निघालेल्या एखाद्या पोराचा. असे वीस-पंचवीस फॉर्म भरल्यावर एका दुपारी लाइट गेली नव्हती, गिऱ्हाईकही नव्हतं, म्हणून मी स्वतःचाच फॉर्म भरला. केंद्राशिवाय पाच एकर कोरडवाहू आहे, त्यात कापूस आणि तूर. पुढं दोन वर्षांनी फेब्रुवारीत मी केनियात बारा दिवस राहून आलो.

तेव्हापासून लोक विचारायला येतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, "तिकीट किती लागलं?" मी म्हणतो, ते शेवटी विचारा. आधी कागद, मग देश, मग तारीख, मग तिकीट. हा क्रम उलटला की पैसे जातात. स्वस्त तिकीट दिसलं म्हणून काढून टाकलं आणि मग व्हिसाच मिळाला नाही, असं झालेली माणसं मला माहीत आहेत. त्यांचं तिकीट परत होणारं नव्हतं.

नावाचा घोळ आधी मिटवा

पासपोर्टची साधी फी मोठ्या माणसाला ३६ पानांच्या पुस्तिकेसाठी १,५०० रुपये. तत्काळ हवा असेल तर वर २,००० रुपये आणखी. म्हणून घाई नसताना काढून ठेवा, जायचं ठरलेलं नसलं तरी. दहा वर्षं चालतो. विदर्भाचं काम नागपूरच्या पासपोर्ट कार्यालयाकडं आहे, पण कागद दाखवायला दरवेळी नागपूरला जावं लागत नाही. बऱ्याच जिल्ह्यांत मोठ्या पोस्टातच पासपोर्ट सेवा केंद्र असतं. फॉर्म भरताना जवळचं केंद्र निवडायची सोय असते, ती यादी नीट पाहा.

पैशापेक्षा त्रास नावाचा. आपल्याकडं आधारवर एक, दहावीच्या गुणपत्रिकेवर दुसरं आणि बँकेच्या पासबुकावर तिसरंच नाव असतं. इंग्रजी स्पेलिंगमध्ये एका ठिकाणी आडनावात 'एच' असतो, दुसऱ्या ठिकाणी नसतो. कुणाचं वडिलांचं नाव अर्धंच. बायकांची तर माहेर-सासरची दोन नावं. हे सगळं पासपोर्टच्या आधी एकसारखं करून घ्या. सगळ्यात सोपं म्हणजे दहावीची गुणपत्रिका प्रमाण धरायची आणि आधार तिच्याप्रमाणं दुरुस्त करायचं.

दुसरं, आपण आडनाव आधी लिहितो. पासपोर्टच्या फॉर्मात दोन खाने असतात. एकात स्वतःचं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव जोडून, दुसऱ्यात फक्त आडनाव. आडनावाचा खाना रिकामा सोडू नका. माझ्याकडं एक काकाजी आले होते. त्यांनी पूर्वी कुणाकडून तरी फॉर्म भरून घेतला होता आणि पूर्ण नाव एकाच खान्यात कोंबलं होतं. संयुक्त अरब अमिरातीनं २०२२ च्या नोव्हेंबरपासून असं एकच नाव असलेल्या पासपोर्टवर पर्यटक म्हणून येणाऱ्याला बंदी केली आहे. काकाजींना लेकाकडं दुबईला जायचं होतं. पासपोर्ट नव्यानं काढावा लागला.

दहावी पास असाल तर गुणपत्रिका जोडाच. त्यावरून पासपोर्टवर 'इमिग्रेशन तपासणी लागत नाही' असा दर्जा मिळतो. फिरायला जाणाऱ्याला त्याचं फारसं काही नाही, पण उद्या कामाला जायची वेळ आली तर हाच दर्जा उपयोगी पडतो.

पोलीस पडताळणीसाठी ठाण्यातून फोन येतो. त्या दिवशी गावात राहा, मूळ कागद हाताशी ठेवा.

देश मनानं नाही, व्हिसानं निवडायचा

मलाही आधी युरोपच पाहायचा होता. कोण नाही म्हणेल? पण कोऱ्या पासपोर्टवर, शेतीच्या उत्पन्नावर, युरोपचा व्हिसा काढायला बसलो की काय काय लागतं ते बघा. शेंगेन व्हिसाची (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) फी ९० युरो, नाकारला तरी परत नाही. किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा. बँकेचे काही महिन्यांचे व्यवहार. बोटांचे ठसे द्यायला बहुतेकदा मुंबईची एक फेरी. आणि आयकर विवरणपत्र. शेतीचं उत्पन्न करमुक्त असल्यानं आपल्यातल्या बहुतेकांनी ते कधी भरलेलंच नसतं.

तरी युरोपच करायचा असेल तर दोन वर्षं आधीपासून तयारी करा. कर लागत नसला तरी विवरणपत्र भरत जा. कापसाच्या, तुरीच्या विक्रीची पट्टी जपून ठेवा आणि पैसे रोख न घेता खात्यात घ्या. अर्जाच्या आठवडाभर आधी मेव्हण्याकडून दोन लाख आणून खात्यात टाकायचे, हा उपाय गावोगाव सांगितला जातो. व्हिसा अधिकाऱ्याला तो सगळ्यात आधी दिसतो.

मी मात्र सरळ हिशोब केला. ज्या देशाला घरबसल्या परवानगी मिळते, जिथं थेट विमान आहे आणि जिथं आपल्या पैशात दिवस निघतो, असा दुसऱ्या खंडातला देश कोणता? केनिया. जानेवारी २०२४ पासून तिथं व्हिसा उरलेला नाही. त्याऐवजी 'ईटीए' म्हणजे इलेक्ट्रॉनिक प्रवास परवानगी घ्यायची, फी ३० डॉलर. पासपोर्टचा फोटो, स्वतःचा फोटो, जायच्या-यायच्या विमानाचा तपशील आणि राहण्याचं बुकिंग एवढं चढवलं की साधारण तीन कामाच्या दिवसांत उत्तर येतं. पासपोर्टची मुदत पोहोचल्या तारखेपासून सहा महिने तरी शिल्लक पाहिजे. हा नियम बऱ्याच देशांना लागू आहे.

इथं मी, सेवा केंद्रवाला, दुसऱ्यांचे फॉर्म भरणारा माणूस, स्वतः फसलो. गूगलवर शोधलं, सगळ्यात वरचं पान उघडलं, केनियाचा झेंडा होता, सरकारी वाटलं. दुपटीहून जास्त पैसे भरल्यावर कळलं की ते मधल्या दलालाचं पान होतं. परवानगी मिळाली, पैसे गेले. केनिया सरकारच्या पानाचा पत्ता 'गो डॉट केई' नं संपतो. तेवढं तपासल्याशिवाय कार्डाचा नंबर टाकू नका. आणि कुणी "टुरिस्ट म्हणून जा, तिथं कामाला लावतो" म्हणालं तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. कामाचा व्हिसा वेगळा असतो, आणि परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्या एजंटची नोंद परराष्ट्र मंत्रालयाच्या 'ई-मायग्रेट' पोर्टलवर असावी लागते.

तारीख शेतावर ठरते

आपल्याकडं ही गोष्ट उलट फायद्याची आहे. शाळा-कॉलेजवाले मे महिन्यात आणि दिवाळीत सुटतात, तेव्हा सगळी तिकिटं महाग. कोरडवाहू शेतकरी कधी मोकळा असतो? कापसाचा शेवटचा वेचा झाला, तूर सोंगून-काढून घरात आली किंवा विकली गेली की फेब्रुवारीच्या मध्यापासून. फरदड (वेचा संपल्यावरही तोच कापूस शेतात राखणं) ठेवायचीच नाही असं कृषी खातं बोंडअळीमुळं दरवर्षी सांगतं. ते ऐकलं तर आणखीच मोकळे.

आणि केनियातही जानेवारी-फेब्रुवारी कोरडे. मोठा पाऊस मार्च ते मे, छोटा ऑक्टोबर अखेरीपासून डिसेंबरपर्यंत. मसाई मारा या प्रसिद्ध अभयारण्याची परदेशी माणसाची प्रवेश फी २०२४ पासून जानेवारी ते जून दिवसाला १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर. म्हणजे ज्या महिन्यात आपल्याला सवड, त्याच महिन्यात तिथं अर्ध्या फीत जाता येतं. हरभरा-गहू असणाऱ्यांना मात्र हे जमणार नाही, त्यांनी काढणी धरून बघावं. मेच्या शेवटाकडं जाऊच नका. तिथं पाऊस, इथं पेरणीची घाई, आणि बियाण्याला ठेवलेले पैसे प्रवासात गेले तर जूनमध्ये घरात तोंड दाखवायला जागा नाही.

पीककर्जातून प्रवास करायचा नाही, हेही इथंच सांगतो. मला तसा सल्ला देणारे भेटले होते.

तिकीट

आता त्या पहिल्या प्रश्नाकडं. मुंबई ते नैरोबी थेट विमान आहे, सहा तासांच्या आसपास. अंतर साधारण साडेचार हजार किलोमीटर. म्हणजे अंतर मोठं, पण वेळ आमच्या गावाहून मुंबईला पोहोचण्याच्या निम्माच. मला येण्या-जाण्याचं मिळून ३३ हजारांच्या आत पडलं, अडीच महिने आधी काढलं म्हणून. नागपूरहून आखातमार्गे जाता येतं का, तेही पाहिलं. पण विमान बदलण्यातला वेळ आणि पैसा पाहता मुंबईच परवडली. तुम्ही दोन्ही बघा. नागपूर दाराशी आहे म्हणून स्वस्त पडेलच असं नाही, आणि मुंबई नेहमीच स्वस्त असंही नाही.

मंगळवारी रात्री तिकीट स्वस्त होतं वगैरे गोष्टींत वेळ घालवू नका. तारीख दोन-चार दिवस मागंपुढं करून पाहा, शनिवार-रविवार टाळा. शोधायला कुठलंही तुलना करणारं पान वापरा, पण पैसे विमान कंपनीच्या स्वतःच्या पानावरच भरा. तारीख बदलायची वेळ आली तर मधला दलाल फोन उचलत नाही. सामान तिकिटात धरलेलं आहे का, हे पाहायचं विसरू नका. दोन हजारांनी स्वस्त तिकीट घेऊन नंतर बॅगेचे चार हजार भरणारे बरेच.

एकाच प्रवासाची दोन वेगळी तिकिटं जोडून स्वस्तात जाण्याची युक्ती व्हिडिओंत दाखवतात. पहिलं विमान उशिरा आलं तर दुसऱ्या कंपनीला तुमच्याशी काही घेणंदेणं नसतं. शिवाय मधल्या देशाचा ट्रान्झिट व्हिसा लागू शकतो. अमेरिकेत तर नुसतं विमान बदलायचं असलं तरी व्हिसा लागतोच. पहिल्या प्रवासाला हे धाडस नको.

तिकिटावरचं नाव पासपोर्टवरून बघून अक्षर न् अक्षर टाका. घरातलं लाडाचं नाव तिथं चालत नाही.

पिवळ्या तापाची सुई

हा भाग सगळ्यात जास्त लोक चुकवतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. भारतातून थेट जाणाऱ्याकडून केनिया पिवळ्या तापाच्या लसीचं प्रमाणपत्र मागत नाही. मागतो तो भारत, परत येताना. आपल्याकडं हा रोग नाही, पण तो पसरवणारा एडिस डास मुबलक आहे. डेंग्यूचा तोच. त्यामुळं आफ्रिकेतल्या किंवा दक्षिण अमेरिकेतल्या पिवळ्या तापाच्या देशातून प्रमाणपत्राशिवाय कुणी आलं तर विमानतळावरूनच सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. बऱ्याच वेळा विमान कंपनी मुंबईतच चढताना ते विचारते.

लस घेतल्यावर प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं. आधीच घेतलं असेल तर ते जन्मभर चालतं, २०१६ पासून तसा नियम झाला. लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारनं मान्य केलेली ठराविक केंद्रं आहेत. त्यांची यादी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या संकेतस्थळावर असते. एका कुपीतून अनेकांना देतात, त्यामुळं केंद्रं ठराविक वारीच लस देतात आणि आधी नंबर लावावा लागतो. मी निघण्याच्या तीन आठवडे आधी फोन केला तेव्हा पहिला रिकामा वार निघण्याच्या बारा दिवस आधीचा निघाला. दोन दिवसांच्या फरकानं वाचलो. तुम्ही तिकीट काढलं त्याच आठवड्यात लसीचा नंबर लावा. सरकारी केंद्रात ३०० रुपयांच्या आसपास लागतात. वय साठच्या वर असेल, अंड्याची ॲलर्जी असेल, गरोदर असाल किंवा प्रतिकारशक्तीचा काही आजार असेल तर आधी डॉक्टरला विचारा. ही जिवंत विषाणूची लस आहे. पासपोर्टही बरोबर न्या, त्याचा नंबर त्या पिवळ्या कार्डावर लिहितात.

नैरोबी उंचावर, समुद्रसपाटीपासून १,७०० मीटरच्या आसपास. आपल्या चिखलदऱ्याहून बरीच उंच, त्यामुळं तिथं मलेरियाची भीती कमी. पण मोंबासाच्या किनाऱ्याला आणि मारा भागात आहे. मच्छरदाणी, अंगाला लावायचं मलम आणि डॉक्टरनं दिल्या तर गोळ्या, एवढं ठेवा.

पैसे कसे न्यायचे

गावात बहुतेकांकडं जिल्हा बँकेचं किंवा ग्रामीण बँकेचं रुपे कार्ड असतं. देशात वापरायचं साधं रुपे कार्ड परदेशी पानावर पैसे भरायला चालत नाही. म्हणजे ईटीएची ३० डॉलर फीसुद्धा त्यावर भरता येत नाही. व्हिसा किंवा मास्टरकार्डचं आंतरराष्ट्रीय डेबिट कार्ड देणाऱ्या बँकेत सहा महिने आधी खातं उघडा. कार्ड हातात आलं की लगेच चालेल असंही नाही. २०२० पासून नव्या कार्डावर परदेशी व्यवहार बंदच येतात, ते बँकेच्या ॲपमधून चालू करावे लागतात. जाण्याआधी घरी बसून चालू करा, कारण तिथं ओटीपी यायला सिम चालू पाहिजे. फोनपे-गूगलपे तिथं चालेल असं धरून जाऊ नका.

डॉलर नेताना नोटा नव्या आणि स्वच्छ घ्या. घडी पडलेली, पेनाची रेघ असलेली किंवा जुन्या छपाईची नोट पूर्व आफ्रिकेत घेत नाहीत किंवा कमी भाव देतात. परवानाधारक दुकानातून किंवा बँकेतून घ्या आणि पावती जपा. एका प्रवासात ३,००० डॉलरपर्यंत रोख परकीय चलन नेता येतं. आपण कशाला तेवढे नेतोय म्हणा. मी ३०० डॉलर रोख नेले, बाकी कार्डावर. रुपये २५,००० पर्यंत सोबत ठेवता येतात, परत आल्यावर मुंबईत लागतातच.

तिथलं चलन शिलिंग. एक शिलिंग साधारण ७० पैशांचा धरा. बाकी सगळा देश मोबाइलवर चालतो. एम-पेसा ही सेवा तिथं २००७ मध्ये सुरू झाली, म्हणजे आपण यूपीआय ऐकायच्या कितीतरी आधी. विमानतळावर उतरल्यावर पासपोर्ट दाखवून सिम घ्या, त्यावरच एम-पेसा चालू करून मागा. भाजीवाल्या बाईपासून मटाटूच्या, म्हणजे तिथल्या खासगी मिनीबसच्या, कंडक्टरपर्यंत सगळे त्यावर पैसे घेतात.

माझा हिशोब ढोबळ सांगतो. विमान ३३ हजार. पासपोर्ट, ईटीए (दलालाचे पैसे धरून), लस, विमा, मुंबईचं जाणं-येणं मिळून ९-१० हजार. तिथले बारा दिवस राहणं, खाणं, फिरणं ३५ हजार. पाऊण लाखाच्या थोडं वर. त्याशिवाय २० हजार हात न लावता खात्यात ठेवले होते. ते नसते तर मी गेलो नसतो. आजारपण, चुकलेलं विमान, हरवलेला पासपोर्ट, यातलं काहीही झालं तर तेच पैसे. प्रवास विमा त्याशिवाय काढायचाच, आठ-नऊशे रुपयांत होतो.

कंपनीचं टूर पॅकेज घेतलं तर त्यावर टीसीएस, म्हणजे आधीच वसूल केलेला आयकर, कापतात. विवरणपत्र भरून तो परत मिळतो, पण तोवर पैसे अडकतात. नुसतं विमानाचं तिकीट स्वतः काढलं तर तो लागत नाही.

धामणगावहून विमानतळापर्यंत

आमच्या भागाला मुंबईची गाडी म्हणजे धामणगाव. रेल्वेचं आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी उघडतं, पूर्वी १२० दिवस होतं. विमानाचं तिकीट त्याआधी निघालेलं असतं, तेव्हा ६० वा दिवस कॅलेंडरवर खूण करून ठेवा आणि सकाळी आठला बसा. विदर्भ एक्सप्रेसला वेटिंग लागायला वेळ लागत नाही. ज्या दिवशी विमान त्याच दिवशी पोहोचणारी गाडी धरू नका. एक दिवस आधीची धरा. आता मेट्रोची ॲक्वा लाइन थेट टी-२ टर्मिनलपर्यंत जाते. सीएसएमटीला उतरून तिच्यात बसलात की टॅक्सीवाल्याशी घासाघीस करावी लागत नाही. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण झाल्यापासून खासगी बसही लवकर पोहोचवते, पण मला रात्रीच्या बसमध्ये झोप येत नाही.

बॅगेत काय

निघताना घरून काय बांधून देतात ते सगळ्यांना माहीत आहे. माझ्या मायनं जवसाची चटणी, शेंगदाणे-गूळ, चिवडा आणि आंब्याचं लोणचं दिलं. लोणचं आणि तिखट हातातल्या बॅगेत चालत नाही, ते मोठ्या बॅगेत टाका. सुकं खोबरं मात्र मोठ्या बॅगेतही चालत नाही, त्यातल्या तेलामुळं. पॉवर बँक उलट, ती हातातल्या बॅगेतच. बियाणं, ताजी फळं, रोपं नेऊ नका, आणूही नका. तिथला मका कितीही आवडला तरी.

आणि पन्नी. केनियात ऑगस्ट २०१७ पासून प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे, दंडही जबर. मायनं प्रत्येक वस्तू दोन-दोन पन्न्यांत बांधली होती. विमानतळावर मला बॅग उघडून त्या सगळ्या सोडाव्या लागल्या आणि चिवडा शर्टात बांधावा लागला. पुढल्या वेळी कापडी पिशव्या शिवून घेईन, असं फोनवर सांगितलं तर माय म्हणे, "मंग आधी काहून नाही सांगतलं?"

तिथं चौकोनी तीन काड्यांचा प्लग असतो, अडॅप्टर इथूनच घ्या. फेब्रुवारीत नैरोबीची रात्र गार असते. एक स्वेटर पुरे.

उतरल्यावर

घड्याळ अडीच तास मागं करा. इमिग्रेशनला परतीचं तिकीट, राहण्याचं बुकिंग आणि ईटीए कागदावर छापून ठेवा. मोबाइलची बॅटरी नेमकी तेव्हाच संपते. पहिल्या दोन रात्रींचंच बुकिंग पक्कं करा, बाकी रद्द करता येणारं घ्या. वसतिगृहासारख्या होस्टेलमध्ये एक खाट स्वस्तात मिळते. पण नैरोबीत रस्ता आणि भाग बघून घ्या, रात्री पायी फिरू नका, फोन हातात धरून चालू नका. रात्री ॲपवरची टॅक्सीच.

जेवणाची चिंता शाकाहारी माणसाला वाटते, ती फार करू नका. तिथं चपाती म्हणतात आणि चपातीच मिळते, तेल जास्त लावलेली. समोसा, चहा, पेसा, दुका म्हणजे दुकान, हेसाबू म्हणजे हिशोब, रंगी म्हणजे रंग. स्वाहिलीत हे शब्द ऐकले की परकं वाटणं निम्मं कमी होतं. उगाली मक्याची घट्ट, आपल्या भाकरीच्या पिठासारखी, सोबत सुकुमा विकी नावाची पालेभाजी. जवसाची चटणी त्यावर अशी काही लागली की शेजारच्या माणसानं मागून घेतली.

नैरोबी ते मोंबासा रेल्वे २०१७ मध्ये सुरू झाली. साध्या वर्गाचं भाडं १,५०० शिलिंग, म्हणजे हजार रुपयांच्या आसपास. सकाळची, मधल्या स्टेशनांवर थांबणारी गाडी घ्या, कारण ती उजेडी त्सावोच्या जंगलातून जाते आणि खिडकीतून हत्ती दिसतात, तांबड्या मातीनं लाल झालेले. तिकिटाबरोबर मिळालेली ही सफारी मला सगळ्यात स्वस्त पडली. स्टेशनवर सामानाची तपासणी विमानतळासारखी असते, तासभर आधी जा. दोन्ही शहरांची स्टेशनं गावाबाहेर आहेत हेही लक्षात ठेवा.

याच वाटेवर जुनी रेल्वे १८९६ ते १९०१ मध्ये हिंदुस्थानातून नेलेल्या तीस हजारांवर मजुरांनी घातली. १८९८ मध्ये त्सावोच्या पुलावर दोन नरभक्षक सिंहांनी त्यांच्यातल्या कितीतरी जणांना मारलं. पांढरकवडा-राळेगावच्या माणसाला ते दिवस समजावून सांगावे लागत नाहीत. वाघिणीच्या भीतीनं शेतावर न जाता आलेली ती दोन वर्षं आमच्या जिल्ह्यात कुणी विसरलेलं नाही. त्या मजुरांपैकी थोडे तिथंच राहिले. केनियानं २०१७ मध्ये आशियाई वंशाच्या लोकांना देशाची ४४ वी जमात म्हणून मान्यता दिली.

नैरोबी-मोंबासा रस्त्यावर माकिंदूचा गुरुद्वारा आहे, १९२६ चा. येणाऱ्या कुणालाही लंगर आणि राहायला खोली मिळते. पैसे मागत नाहीत, तुम्ही दानपेटीत टाका. एक रात्र तिथं राहिलो, सगळ्या प्रवासात सगळ्यात गाढ झोप तिथंच लागली.

जनावरं पाहायची तर मसाई मारा हेच एक ठिकाण नाही. नैरोबीहून मटाटूनं दोन-एक तासांवर नैवाशा, आणि तिथं हेल्स गेट उद्यान. त्यात भाड्याची सायकल घेऊन झेब्रे आणि जिराफांच्या मधून फिरता येतं. फी मारापेक्षा कितीतरी कमी. सरकारी उद्यानांत रोख पैसे घेत नाहीत, ऑनलाइनच भरावे लागतात, तेव्हा कार्ड किंवा एम-पेसा तयार ठेवा. मी मारा सोडला. तिथल्या दोन दिवसांत माझे आठ दिवस निघत होते. पस्तावलो का? थोडा. पण ताडोबा आणि टिपेश्वर दाराशी असलेल्या माणसानं एवढं सोसायला हरकत नाही.

परतताना मुंबईत इमिग्रेशनच्याही आधी आरोग्य खात्याचं टेबल लागतं. पिवळं कार्ड पासपोर्टच्या आतच ठेवा, मोठ्या बॅगेत नको. बॅग तर पुढं पट्ट्यावर येते. आणि धामणगावची गाडी विमान उतरल्याच्या रात्रीची नको, दुसऱ्या दिवशीची धरा. माझं विमान चार तास उशिरा आलं होतं.